गोऱ्या बाईच्या घरचा पसारा

मंजुषा दुपारी कॉम्प्युटरवर गेम खेळते, हे आमच्या गल्लीत सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. पुंडलिकनगरात तिची ओळख म्हणजे नळाच्या दिवशी सगळ्यांआधी मोटार लावणारी आणि हळदीकुंकवाला सगळ्यांच्या शेवटी येऊन सगळ्यांच्या आधी उठणारी बाई. मी तिच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. ब्लाउज शिवते. दुपारी डोळे चुरचुरायला लागले की चहाला खाली उतरते, म्हणून मला हे ठाऊक.

तिचा नवरा सुदर्शन वाळूजला कंपनीत आहे. त्याच्या पाळ्या बदलत राहतात, त्यामुळे त्या घरात जेवायची वेळ म्हणून एक अशी नाही. मुलगा सत्यम पुण्याला नोकरीला गेला. राहिल्या भामाबाई, तिच्या सासूबाई. ती त्यांना आत्याबाई म्हणते. त्या पाचोडला थोरल्या मुलाकडे, आप्पासाहेबांकडे असायच्या. अंगणात पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण धड उभं राहणं काही जमलं नाही. शहरात दवाखाना जवळ आहे असं म्हणून आप्पासाहेबांनी एके दिवशी टेम्पोत खाट घातली, खाटेवर आईला घातलं आणि दोन्ही इथं उतरवून दिलं. जाताना चहा पिऊन गेले. तेव्हापासून दवाखाना जवळ आहे खरा, पण दवाखान्यापेक्षा मंजुषा जवळ आहे.

भामाबाई वाईट नाहीत. पण बसलेली सून त्यांच्या डोळ्यांना खुपते. बाजाराच्या दिवशीसुद्धा आधी रानातलं उरकून मग बाजाराला गेलेली बाई ती. मंजुषा जरा टेकली की यांना तहान लागते, कूस बदलायची असते, नाहीतर पायाकडची चादर खुपायला लागते. पाणी आणून दिलं तर एक घोट घेऊन भांडं परत. मला राग यायचा. मंजुषाला येतो की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली, भामाबाईंचा डोळा लागला की मग तिचा तास. मागच्या खोलीत सत्यमचा जुना कॉम्प्युटर होता. तो पुण्याला गेल्यावर सुदर्शननं तो शहागंजला जुनेदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात विकायला नेला होता. जुनेद म्हणाला, "भाई, इसका कोई कुच नै देता. घर में रखो, भाभी का दिल लगेगा." त्यानं त्यात दोन-चार गेम टाकून दिले आणि मशीन जसंच्या तसं परत आलं.

त्यातला एकच गेम मंजुषाला धरून बसला. एक मोठं जुनं घर, परदेशातलं. घरची बाई नाहीशी झालेली, भिंतीवर तिचं गोरंपान चित्र तेवढं. आपण एकेका खोलीत शिरायचं. प्रत्येक खोलीत हा एवढा पसारा. झुंबरं, पुस्तकं, बाहुल्या, तुटक्या खुर्च्या, पक्ष्यांचे पिंजरे. खाली इंग्रजीत नावं येतात, त्या वस्तू पसाऱ्यातून शोधायच्या. सापडली की तिच्यावर बोट, म्हणजे माउस, दाबायचा. वस्तू चमकते आणि खोलीतून नाहीशी होते. सगळ्या सापडल्या की किल्ली मिळते आणि पुढचं दार उघडतं. मंजुषाचं शिक्षण दहावी. 'बुधवार' इंग्रजीत लिहायला सांगितलं तर ती आजही अडखळेल, पण कंदील, नांगर, घुबड आणि बासरी यांची इंग्रजी नावं तिला या गेमनं पाठ करून दिली होती. अडलं तर मदतीचं एक बटण असतं, ते दाबलं की वस्तू आपोआप दिसते. ती ते कधी दाबायची नाही.

मी एकदा म्हटलं, "दिवसभर घरात तेच करतेस की. सुदर्शनभाऊंची किल्ली, आत्याबाईंचा चष्मा, गोळ्यांचं पाकीट. मग परत इथंही शोधाशोध?"

ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "इथं सापडलेली वस्तू परत हरवत नाही, करुणाताई. आणि कुणी हाक मारत नाही."

 त्या दिवशीचा चहा मी केला.

यंदा उन्हाळा लवकर तापला. पुढची खोली पत्र्याच्या शेडला लागून, दुपारी तिथं भाजून निघायचं. कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत. सुदर्शन म्हणाला, आईची खाट मागं घेऊ, आणि जागा होत नाही तर तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकू. नेहमीप्रमाणे सांगून तो बूट घालायला लागला.

"कॉम्प्युटर राहील," मंजुषा म्हणाली.

सुदर्शननं बुटाची नाडी तशीच सोडली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण त्या घरात काय राहील आणि काय जाईल हे मंजुषानं आजवर सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यानंही ऐकलं नसावं. "बरं," एवढंच म्हणून तो गेला. संध्याकाळी येऊन त्यानं मेज भिंतीला सरकवलं आणि खाट आत बसवली. अशी बसवली की भामाबाई उशीवर डोकं टेकून पडल्या की समोर कॉम्प्युटरचा पडदाच.

मला वाटलं, संपला हिचा तास. आणि पहिले काही दिवस खरंच संपला. कूलरच्या आवाजानं भामाबाईंची दुपारची झोप गेली. मंजुषा खुर्चीत बसली की खाटेवरून "मंजे, पाणी." परत बसली की "मंजे, उशी." तिसऱ्यांदा ती उठायची आणि मशीनच बंद करून टाकायची. त्या दिवसांत तिच्याकडे पाहवत नसे. भाजी चिरताना मधेच सुरी धरून थांबायची, जणू पुढं काय करायचं ते विसरलीय. मला म्हणाली, "एवढं एकच मागितलं होतं हो." कुणाकडे मागितलं होतं, ते ती बोलली नाही.

मग भामाबाई हळूहळू बघायला लागल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं लख्ख दिसतं. पडद्यावर खोली यायची, मंजुषा एकेक वस्तू उचलायची, पसारा कमी कमी होत जायचा. त्या गेममध्ये नुसतं शोधणं नसतं. कुठं फडकं मिळतं, त्यानं धुरकट आरसा पुसायचा. कुठं झाडू मिळतो, त्यानं जळमटं काढायची. गंजलेल्या बिजागरीला तेल घालायचं, चूल पेटवायची, सुकलेल्या कुंडीला पाणी घालायचं. भामाबाई उशीवरून सगळं बघत राहायच्या. आणि एक दिवस त्यांनी हाक मारणं बंद केलं.

का बंद केलं, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. मंजुषा स्वयंपाकघरात होती. भामाबाईंनी मला जवळ बोलावलं, आवाज उतरवून म्हणाल्या, "करुणे, ती गोरी बाई लई घाण ठेवती बघ घर. एका खोलीत तर झुंबर खाली पडलेलं, कोळ्याची जाळी लटकायलेली. आमची मंजी रोज जाऊन आवरायली. काय देत्यात का नाय तिला?"

मला क्षणभर काही कळेना. मग उलगडलं. सत्यम दिवाळीला आला होता तेव्हा कंपनीचा कॉम्प्युटर घेऊन घरातच बसायचा, आणि सुदर्शन आईला दटावायचा, पोरगा कामावर आहे, आवाज करू नको. भामाबाईंनी ते पक्कं लक्षात ठेवलं होतं. कॉम्प्युटरसमोर बसलेलं माणूस कामावर असतं. नातू कसलंतरी काम करत होता, सून दुसऱ्याच्या घरची झाडलोट करते. तिथून इथं बसून कसं काय झाडता येतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नातवाचं काम तरी कुठं त्यांना दिसलं होतं? हिचं निदान दिसत तरी होतं.

"म्हणून हाक मारीत नाय मी," त्या म्हणाल्या. "कामाच्या माणसाला हाक मारू नये."

जिन्यात मी हसू आवरत मंजुषाला हे सांगितलं. ती हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "त्यांना काही सांगू नका, ताई. तुम्हाला शपथ आहे."

मला हसू आलं होतं ते तिथंच विरलं. या बाईला स्वतःचा एक तास हवा होता आणि तो कामाचं सोंग घेतल्यावरच मिळाला. विसावा म्हणून मागितला असता तर पाणी, उशी आणि चादर. मला त्या घराचा, सासूचा, सुदर्शनचा, अगदी चहा पिऊन गेलेल्या आप्पासाहेबांचाही संताप आला. पण शपथ घातली होती. मी तोंडाला कुलूप लावलं.

त्यानंतरचे दिवस तिचे बरे गेले. गेम पुढं सरकत होता. दिवाणखाना झाला, ग्रंथालय झालं, आता वरच्या मजल्यावरची शेवटची बंद खोली तेवढी उरली होती. त्या नाहीशा झालेल्या बाईचा पत्ता तिथं लागणार, असं मंजुषा मला रंगून सांगायची. तिला रंगून काही सांगताना मी प्रथमच पाहत होते. ती वस्तूंची नावं पुटपुटत शोधायची, मग भामाबाईही अधूनमधून बोट दाखवायच्या. "ती बघ कात्री, परडीच्या मागं." कात्री खरंच तिथं असायची. मंजुषा "व्हय आत्याबाई" म्हणायची आणि कात्री उचलायची.

ती शेवटची खोली उघडली त्या दुपारी मी तिथंच होते, चहाचा कप घेऊन दारात. दार कुरकुरत उघडलं आणि आत जो पसारा दिसला, तेवढा आधी कुठल्याच खोलीत नव्हता. पेट्या, कपडे, फुटकी भांडी, जमिनीपासून छतापर्यंत. मंजुषाचे डोळे लकाकले. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"मंजे," भामाबाई म्हणाल्या.

मंजुषाचा हात थांबला. ती सवयीनं उठायला लागली. "पाणी देऊ का?"

"पाणी नको. बंद कर ते."

"अं?"

"बंद कर मनते ना. किती करशील? सकाळधरनं आमचं उपसायलीस, दुपारी त्या बाईचं. आन तिनं हे एवढं ठिवलंय अजून. तिला काय हात नाय का?" भामाबाई कोपरावर टेकून उठायचा प्रयत्न करत होत्या. एवढ्यानंच त्यांना धाप लागली. "नाय जायचं उद्यापासून. सुदर्शनला मी सांगते. तू बस. बस जरा, बाई."

मी दारात उभी. मला वाटलं, आता ही सांगेल. सांगायलाच हवं होतं. हा खेळ आहे आत्याबाई, यातच माझा जीव रमतो, एवढंच तर म्हणायचं होतं. मंजुषानं माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग त्या खोलीकडे. आणि मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. ती खाटेच्या कडेला बसली, हात मांडीवर ठेवून. त्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर जुनं टेबलक्लॉथ घातलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही. दुपारी मंजुषा खाटेशेजारी चटई टाकून पडायची आणि भामाबाई वरून तिच्यावर लक्ष ठेवायच्या. डोळे उघडे दिसले की म्हणायच्या, "मीट डोळे." मी तिला जिन्यात गाठलं. "वेडी आहेस का तू? सांगून टाक ना. शेवटची खोली राहिली तुझी."

"राहू दे."

"राहू दे काय? किती मुश्किलीनं एक तास मिळाला होता तुला."

ती कठड्याला टेकली. दमलेली होती, नेहमीसारखीच. "चोवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या हो, बस म्हणून," ती म्हणाली. "मी खेळत होते असं सांगितलं, तर त्या ते परत घेतील."

 रात्रंदिवस ते डोक्यात घोळत राहिलं आणि शेवटी मी ठरवलं की तिची शपथ गेली खड्ड्यात, म्हातारीला मीच समजावून सांगते. गोड बोलून सांगते, की आजी, सुनेला खेळायलासुद्धा मिळालं पाहिजे. दुपारी मशीनवरचं ब्लाउज अर्धं सोडून मी खाली गेले. काय काय बोलायचं ते उतरता उतरता जुळवलं होतं.

मागच्या खोलीचं दार ढकललं तर भामाबाईंनी मला पाहून तोंडावर बोट ठेवलं. खाली चटईवर मंजुषा झोपली होती. डोळे मिटून पडलेली नव्हती, खरंच झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात चटईबाहेर, घोरत होती. इतकी वर्षं त्या घरात राहून मी तिला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पाण्याचं भांडं मेजावर होतं, भामाबाईंच्या हाताला न येणारं. त्यांचे ओठ वाळले होते. कधीपासून तहान लागली होती कोण जाणे. त्यांनी भांड्याकडे बोट केलं आणि मग चटईकडे पाहून हात हलवला, हळू, आवाज नको.

मी चपला दाराबाहेर काढल्या, भांडं उचलून त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी ते सगळं संपवलं. मग मी दार ओढून घेतलं आणि अर्ध्या ब्लाउजकडे वर आले.