साहेबांचा हळू आवाज

साहेब आधी साधा विणकर होता. मागांच्या खडखडाटात तो "ए भावड्या, धागा तुटला रे!" असं बोंबलायचा, तेव्हा अख्खा कारखाना ऐकायचा. मग सुपरवायझर झाला आणि स्वारीची भाषाच बदलली. काचेच्या खोलीत बसून "विचार करण्यात येईल" असं तो इतकं हळू पुटपुटायचा, की माणसाला कमरेत वाकूनच ऐकावं लागे. काय तो तोरा! जणू मोठ्यानं बोललं तर खुर्चीच मोडेल.

निवृत्तीनंतर घरी वाकणार कोण? बायकोचे कान त्याच मागांवर काम करून गेलेले.

"चहा घेण्यात येईल," साहेब पुटपुटले. ती भाजी निवडत राहिली. पुन्हा पुटपुटले, तरी तेच. शेवटी घसा फाटेस्तोवर ओरडले, "अगं ए, चहा टाक की!"

ती हसली. "आलात का एकदाचे घरी?"