भासऱ्यांची परतीची तार

विजेच्या परतीच्या वाटेची आमच्या भासऱ्यांइतकी काळजी वाहणारा माणूस पुलगावात काय, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न केलेलं नाही, राहायचे वरच्या माडीत. रेल्वेच्या तारऑफिसात अनेक वर्षं कट्‌कट्‌ करून त्यांनी लवकर पेन्शन घेतली होती, पण कट्‌कट्‌ काही सुटली नव्हती. "वीज जाते हे कोणीही सांगन," ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "परत कुठून येते ते सांग. परत याची वाट नसन तर ते जातच नाई. माणसापेक्षा शहाणी आहे." हा परतीचा नाद त्यांना इतका जडला होता की दारात पाहुणा दिसला की "या, बसा" म्हणायच्या आधी त्यांच्या तोंडून "परतीची गाडी कोणती?" हेच निघायचं. लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा मला भेटायला कारंज्याहून आले, हातात संत्र्यांची टोपली, आणि उंबऱ्यातच त्यांना हा प्रश्न आला. वडील बिचारे पाणी पिऊन, टोपली ठेवून, दुपारच्याच मोटारीनं परत गेले. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. भासऱ्यांना मात्र पाहुणा खरंच निघून गेल्याचं नवल वाटलं. "येवढी घाई होती त आले काऊन?" असं त्यांनी सासूबाईंना विचारलं.

बॅटरीत जीव आहे की नाही हे ते जिभेनं पाहायचे. चारचौघांत, लग्नाच्या मांडवातसुद्धा, कुणी टॉर्च पेटत नाही म्हणालं की हे आतला सेल काढून जीभ लावायचे आणि डोळे मिटून "अर्धा गेला" असं सांगायचे. नव्या सोयरिकीच्या बायका माझ्याकडे पाहायच्या आणि मी पदराचं टोक चघळत जमिनीकडे. घरात मला त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर येत नसे, आली तर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, आणि बोलायची तर गोष्टच नको. ते ओसरीवर असले की मी मागल्या दारानं जायची. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगत आणि भिंतीनं ते माझ्यापर्यंत पोचवावं अशी अपेक्षा असे.

तेव्हा पुलगावच्या भंगारवाल्यांकडे लष्करातून बाद झालेलं बरंच सामान येई. तिथून भासऱ्यांनी हँडल फिरवायचे चार फोन आणले. दोन फोनांची एक लाइन आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून नणंदेच्या घरापर्यंत गेली. नणंद स्टेशनाच्या बाजूला दिली होती. दुसरी लाइन माडीपासून त्यांच्या मित्राच्या, वैद्यबुवांच्या, दवाखान्यापर्यंत. तिच्यावर दोघं बुद्धिबळ खेळायचे. प्रत्येक लाइनला तार मात्र एकच. वैद्यबुवांनी विचारलं, "फोनले दोन तारा लागते ना?" भासरे दुखावले. "दुसरी तार म्हणजे पैशाची नासाडी. तारखात्यात जिंदगी गेली माही. जाते तारेतून, परत येते जमिनीतून. धरतीमाय फुकट आणून देते." त्यासाठी त्यांनी अंगणात न्हाणीजवळ एक लोखंडी पहार ठोकली आणि दोन्ही लाइनींची परतीची टोकं तिलाच बांधली. जमीन ओली राहिली पाहिजे म्हणून रोज सकाळी आंघोळ करून ते ओल्या पंच्यानिशी पहारीवर तांब्याभर पाणी ओतत. महिनाभरात शेजारच्या काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं. मग आणखी दोघीतिघी येऊ लागल्या. भासऱ्यांनी हरकत घेतली नाही. कुंकवासोबत त्याही थोडं पाणी घालत होत्या.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. विहीर तळाला गेली. सासूबाई म्हणाल्या, "प्याले पाणी नाई अन् त्या पहारीले कायले?" पाणी बंद झालं. अंगणाला भेगा पडल्या. मला पाचवा महिना होता.

आता सांगायला लाज वाटते, आणि तेव्हा तर त्याहून जास्त वाटायची, पण त्या दिवसांत मला सारखी भूक लागे. घरात कमी नव्हतं, पण किती शिजवायचं हा अंदाज सासूबाईंचा, आणि तो जुनाच होता. आधी पुरुष जेवायचे, मग सासूबाई, मग मी. भासऱ्यांना वांग्याची भाजी प्राणाहून प्रिय. ते तिसऱ्यांदा वाटी पुढे करत, आणि पातेल्यात माझ्यासाठी राहायचा तो मसाला लागलेला काठ. हे कुणाला कसं सांगायचं? पोटुशी बाई हावरी असं म्हणतील. दुपारी नणंदेचा फोन आला. "वहिनी, पोटभर खाऊन राह्यली ना व?" तिनं विचारलं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "वांग्याची भाजी असली की मी मनातल्या मनात देवाला हात जोडते, भाऊजींनी तिसऱ्यांदा वाटी पुढे करू नये म्हणून. त्यांनी केली की माझं जेवण झालं." ती हसली, मीही हसले. तेवढ्यात फोनमध्ये कुणीतरी खोकललं. तो खोकला मी घरात रोज ऐकत होते. त्याच्या पाठोपाठ वैद्यबुवांचा आवाज आला, "अगा, उंट हलवला का नाई तू?"

"हे कोण व?" नणंद म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

पहारीभोवतीची माती सुकली, वीज जमिनीत उतरेना, म्हणून तिला बांधलेली दोन्ही टोकं आपसांत बोलू लागली आणि माझं बोलणं माडीवर गेलं. हा हिशेब मला पुष्कळ नंतर कळला. तेव्हा एवढंच कळलं, की त्यांनी ऐकलं.

त्या रात्री भासऱ्यांनी एक भाकर खाल्ली आणि उठले. भाजी पुन्हा घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी वांगं असूनही तेच. सासूबाई घाबरल्या. वैद्यबुवांना बोलावलं. ते कानानं थोडे जड, त्यांना माझं बोलणं समजलंच नव्हतं; त्यांनी नाडी पाहून कडू काढा दिला. भासरे एरवी औषधावरून त्यांच्याशी तासभर भांडले असते. या वेळी मान खाली घालून काढा पिऊन टाकला. आता पातेल्यात भाजी उरायची आणि ती मला गिळवत नसे. थोरला दीर माझ्या एका वाक्यापायी उपाशी उठतो, आणि मी त्याचा वाटा कसा खायचा? माफी मागावी तर बोलायची रीत नाही. आठवड्यात त्यांची गालफडं दिसू लागली, असं सासूबाई म्हणायच्या. माझं तर आरशात पाहणंही सुटलं होतं.

एक दिवस दुपारी फोन वाजला. नणंद आर्वीला लग्नाला गेलेली, मग फोन कुणाचा? मी कानाला लावला.

"मी आहो," आवाज आला. "माडीवरून. तार जोडली इकडची."

मी फोनसमोर उभी राहून पदर नाकापर्यंत ओढला.

"त्या दिवशी ऐकलं मी," ते म्हणाले. "ऐकत नोतो. कानावर आलं. तवाच ठेवून द्याले पाह्यजे होता फोन. तो ठेवला नाई लवकर."

"भाऊजी, मी गंमत केली होती." लग्नानंतर त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

"गंमत नोती," ते म्हणाले. "मी आपलं ताटच पाह्यलं आजवर. पातेलं कधी पाह्यलं नाई. येवढा मोठा झालो, पण नाई पाह्यलं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तू जेवली का आज?"

"हो."

"खरं सांग. इथं कोणी पाहून नाई राह्यलं."

"नाही," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

"बरं," ते म्हणाले. "मायले तुहं नाव कळू देत नाई मी."

दुसऱ्या दिवशी ताटं मांडल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आपण यापुढे सगळ्यांच्या शेवटी जेवणार. "वैद्यानं सांगतलं. गर्दीत जेवण पचत नाई मले. बायका जेवल्या की जे उरन ते वाढजो." सासूबाईंनी पुष्कळ समजावलं, रागावल्या, डोळ्यांना पदर लावला. भासरे ढिम्म हलले नाहीत. मग सासूबाईंनी त्यांच्या परीनं इलाज केला. थोरला मुलगा उरलंसुरलं खाणार हे त्यांना सोसवेना, म्हणून त्या वांगी दुप्पट चिरू लागल्या, पीठ परातीबाहेर सांडू लागलं, आणि मला दटावू लागल्या, "लवकर जेव व, तो खोळंबला आहे." बाळ होईपर्यंत मी चांगलीच गुटगुटीत झाले. माझा नवरा म्हणायचा, माहेरची हवा लागली वाटतं.

त्याच आठवड्यात त्यांनी पहार उपटली. शेजारच्या काकू हळहळल्या. भंगारवाल्याकडून आणखी तार आली, आणि शेतावरच्या गड्यानं दोर वळावा तशी भासऱ्यांनी ओसरीत बसून जाणारी तार आणि येणारी तार एकमेकींभोवती वळली. दोन्ही लाइनींना आपापली परतीची तार मिळाली. वैद्यबुवा मुद्दाम पाहायला आले. "नासाडी करून राह्यला का?" त्यांनी विचारलं. भासऱ्यांनी मान वर केली नाही. "तारखात्यात जमीन चालते," ते म्हणाले. "तिथं नुसतं कट्‌कट्‌ असते, त्याले काई लाज नसते. माणसाच्या बोलण्याले आपली आपली परतीची वाट पाह्यजे. जाणारी अन् येणारी अशा गळ्यात गळा घालून गेल्या, की शेजारणीले काई ऐकू जात नाई." मी दाराआड उभी होते. ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते.

आता माझ्या सुना आपल्या भासऱ्यांसमोर बसून पेपरातल्या बातम्यांवर वाद घालतात, त्यांच्या हातचा चहा पितात. मला ते बघायला आवडतं. मग कधी एखादी विचारते, "आई, ते थोरले मामंजी दिसायला कसे होते हो?" मी सांगते, उंच होते, धोतर नीटनेटकं असायचं, पाय लांब, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. पायांबद्दल मी पुष्कळ सांगू शकते. त्याच्या वर मी कधी पाहिलंच नाही.