कर्वे रस्ता मोकळा होता तेव्हा

रतन ओव्हाळांची जीभ बुधवार पेठेत प्रसिद्ध होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरमागे त्यांचा जन्म गेला. वायरी, अडॅप्टर, टीव्हीचे रिमोट विकताना गिऱ्हाइकाने उगीच एखादा प्रश्न विचारला की त्याची खैर नसे. "हा रिमोट चालेल ना?" असं कुणी म्हटलं की ते शांतपणे सांगत, "चालणार नाही, साहेब. त्याला पाय नाहीत. टीव्ही मात्र लावेल." गिऱ्हाईक ओशाळायचं, दुकानातली पोरं हसायची आणि ओव्हाळांचा दिवस चांगला जायचा.

घरी त्यांच्या या जिभेला तोंड देणारी एकच व्यक्ती होती, चंद्रभागाबाई. त्या नारायण पेठेतल्या दवाखान्यात कारकून होत्या. लग्नानंतर कर्वेनगरात दोन खोल्या घेतल्या तेव्हा दोघांकडे दोन सायकली होत्या आणि दोघांची वाटही एकच. सकाळी डबे हँडलला अडकवून निघायचं आणि कर्वे रस्त्याने शेजारी शेजारी सायकली हाकत लकडी पुलापर्यंत यायचं. घरी सासू-सासरे, दीर, पाहुणे. तिथे नवराबायकोला बोलायला जागा कुठली? जे काही बोलायचं ते सायकलवर. मुलीचं नाव चैताली ठेवायचं हे नळस्टॉपजवळ ठरलं. फ्लॅटसाठी कर्ज काढायचं हे डेक्कनला. सासूबाईंचं ऑपरेशन करायचं की नाही यावर तर त्या दोघांचं पुलावर चांगलं वाजलंही होतं.

मग रस्त्यावर गाड्या वाढल्या. दोन सायकली शेजारी चालवणं म्हणजे मागच्या बसवाल्याच्या शिव्या खाणं. चंद्रभागाबाई मागे राहायला लागल्या. रतनराव मान न वळवता विचारायचे, "आहेस ना?" आणि मागून "आहे" असं यायचं. बाकी सगळं हॉर्नमध्ये विरून जायचं. पुढे एका रिक्षाने धक्का दिला, त्यांच्या कोपराला टाके पडले आणि त्या बसने जायला लागल्या. सायकली जिन्याखाली गेल्या. दोघांमधलं बोलणं काही कुणी ठरवून थांबवलं नाही, पण भाजी, गॅस, लाइटबिल यांच्यापलीकडे ते फारसं उरलं नाही.

चंद्रभागाबाई निवृत्त झाल्या त्या वर्षीची गोष्ट. चैतालीने फोनवर एक जाहिरात दाखवली. एका रविवारी सकाळी शहरातले मोठे रस्ते गाड्यांना बंद ठेवून हजारो लोकांची सायकलफेरी निघणार होती. कर्वे रस्ताही त्यात होता. नाव नोंदवायला माणशी बऱ्यापैकी फी होती.

"जाऊ या का हो?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "एक रविवार विहारात नाही गेलो तर चालेल."

रतनरावांना आयतंच सापडलं. "रस्ता आपल्या कराच्या पैशातला. त्यावर तीस वर्षं फुकट सायकल चालवली. आता त्याच रस्त्यावर तिकीट काढून चालवायची? वर ते एक टी-शर्ट देणार आणि एक केळं. केळं मंडईत स्वस्त मिळतं, पाहिजे तर डझनभर आणतो."

चैताली हसली. चंद्रभागाबाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवशी हाच किस्सा दुकानात रंगवून सांगितला तेव्हा पोरं तर लोळायची बाकी राहिली.

दोन-चार दिवसांनी जिन्याखाली त्यांना बायकोची सायकल पुसलेली दिसली. नवे टायर, चेनला तेल. "हिची कसली दिवाळी?" त्यांनी विचारलं. "पडून पडून गंजत होती," एवढंच उत्तर आलं. फेरीच्या रविवारी दोघं नेहमीप्रमाणे विहारात वंदनेला गेले. येताना बंद रस्त्यामुळे रिक्षा फार लांबून आली, म्हणून रतनरावांनी आयोजकांचा आणखी एकदा उद्धार केला. चंद्रभागाबाई रिक्षातून बाहेर बघत बसल्या होत्या.

पावसाळ्याच्या शेवटी चंद्रभागाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, वेळेत आणलंत. बोलणं महिनाभरात सुधारलं, चालणंही बरंचसं. डाव्या हाताची पकड मात्र परत आली नाही आणि तोल जायचा. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम त्या नेमाने करायच्या. सायकलचा विषय कुणी काढला नाही. त्यात काढण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात आली. या वेळी रतनरावांनीच ती मोठ्याने वाचली, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही जा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पैसे वाया जातात का ते तरी बघून या. उगीच न बघता बोलता."

म्हणून ते गेले. आपली जुनी काळी सायकल घेऊन. आजूबाजूला एका बोटावर उचलता येतील अशा सायकली, हेल्मेटं, चष्मे. नावं ठेवायला जागा भरपूर होती. सुरुवातच उशिरा झाली. पहिल्याच थांब्यावर पाणी संपलेलं. चौकाचौकात अडकलेली माणसं पोलिसांशी हुज्जत घालत होती आणि एक म्हातारी गाठोडं घेऊन "मला फक्त पलीकडं जायचंय" म्हणून विनवत होती. रतनरावांनी हे सगळं दुकानासाठी मनात नीट लावून ठेवलं.

कर्वे रस्त्याला लागल्यावरही ते डाव्या कडेला चिकटूनच चालले होते. इतक्या वर्षांची सवय. कडेला उभी असलेली एक स्वयंसेवक मुलगी ओरडली, "काका, मधे या की! अख्खा रस्ता तुमचाय!"

ते दबकत दबकत मधे आले. डोक्यावर मेट्रोचा पूल, खाली एवढा रुंद रस्ता, आणि आवाज फक्त चेनचा. समोर एक जोडपं शेजारी शेजारी चाललं होतं. चाळिशीतलं असेल. ती म्हणत होती, "आईला आपल्याकडेच ठेवू या ना थोडे दिवस." तो म्हणाला, "ठेवू. पण अभयची खोली?" "तो झोपेल हॉलमध्ये, काय बिघडतंय?"

मागून रतनरावांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता. नळस्टॉपला, भर चौकात.

त्यांचे पाय थांबले. सायकल आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि मग तीही थांबली. बायकोला काय हवं होतं ते त्यांना तेव्हा कळलं. तिला टी-शर्ट नको होता, केळं नको होतं, फेरीही नको असेल. तिने एका सकाळपुरती शेजारची जागा मागितली होती आणि त्यांनी तिला मंडईतला भाव सांगितला होता. मागून येणारे लोक घंटी वाजवत बाजूने जात राहिले. कुणीतरी विचारलं, "काका, पंक्चर का?" त्यांनी मान हलवली.

फेरी त्यांनी पुरी केली. पदक मिळालं, ते खिशात टाकलं.

घरी चंद्रभागाबाई गॅलरीत चेंडू दाबत बसल्या होत्या. "काय हो, वसूल झाले का पैसे?"

पाण्याचा, पोलिसांचा, सगळा मसाला तयार होता. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "नळस्टॉपला हळू बोललेलंसुद्धा ऐकू येत होतं."

चेंडूवरचा त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "मग कुणाशी बोललात?"

"कुणाशीच नाही."

त्या पुन्हा चेंडू दाबायला लागल्या.

"तुला यायचं होतं गं. मला नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर रतनरावांना बरं वाटलं असतं. "तुम्ही इतकं छान हसवलंत, मग परत काय सांगायचं?"

नंतर चंद्रभागाबाईंनी चहा-पोहे केले, दोघांनी घेतले. पोह्यात मीठ कमी आहे यावर बोलणं झालं.

यंदा पुन्हा नावनोंदणी सुरू झालीय. दुकानातल्या रोहनचं नुकतंच लग्न झालंय. त्याने परवा विचारलं, "काका, तुम्ही जाऊन आलात ना? एवढी फी भरण्यात काही अर्थ आहे का?" बाकीची पोरं कान टवकारून जवळ आली.

रतनराव एक गुंडाळलेली वायर सोडवत होते. "बायकोला यायचंय का?"

"म्हणत होती खरं. पण मी म्हटलं, उगीच कशाला..."

"आजच भर," ते म्हणाले. "दोघांची."

पोरं पुढच्या टोमण्याची वाट बघत थांबली. तो आलाच नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, रिमोटचे सेल मागायला, आणि ओव्हाळांनी ते मुकाट्याने काढून दिले.