रिकाम्या खाटा

बेघरांच्या निवाऱ्यात सगळे तिला किल्लीमावशी म्हणायचे. तीस खाटा, तीस कपाटं आणि तीस किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. आधी खुळखुळ ऐकू यायची, मग मावशीचा आवाज, आणि शेवटी मावशी.

सहा वर्षांपूर्वी ती स्वतःच एका पिशवीनिशी इथे आली होती. नवरा गेल्यावर भावाकडे राहिली. वहिनी तोंडानं कधी वाकडं बोलली नाही, फक्त हिचं ताट वाढायला हळूहळू विसरत गेली. समजायचं ते मावशी समजली. चार महिने बस स्थानकाच्या बाकावर काढले, मग इथे खाट मिळाली. अर्जावर लिहायला पत्ता मिळाला म्हणून लॉन्ड्रीत काम मिळालं. पुढे निवाऱ्याच्या व्यवस्थापक बाई निवृत्त झाल्या आणि ती जागा मावशीनं पटकावली.

निवारा नगरपालिकेच्या अनुदानावर चालायचा. यंदा तपासणीला निरीक्षक आला तो भर सकाळी अकरा वाजता. सत्तावीस खाटा रिकाम्या. दोन आजारी आणि एक पाय मोडलेला, एवढेच काय ते हजर.

"गर्दी दिसत नाही," निरीक्षक म्हणाला.

"साहेब, अकरा वाजता तुम्ही तरी घरी झोपलेले असता का?"

तो हसला, पण जाऊन लिहायचं ते लिहिलंच. मागणी कमी, अनुदान निम्मं करावं.

मावशीनं डोक्याला हात लावला नाही, चपला चढवल्या. आठवडाभर बेकरी, इस्पितळ, सुताराचा कारखाना असं दारोदार हिंडली. "आमचा माणूस अकरा वाजता तुमच्याकडे काय करतो, तेवढं दोन ओळींत लिहून द्या." सत्तावीस चिठ्ठ्या जमल्या. बेकरीवाल्यानं लिहिलं होतं, 'माणूस वेळेचा पक्का. तोंडाचा फटकळ.'

"खरं तेच लिहिलंय," म्हणत मावशीनं तीही घडी घालून ठेवली.

नगरपालिकेच्या सभेत तिनं चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. एक सदस्य जांभई आवरत म्हणाले, "एवढे कामाला जातात, तर भाड्यानं खोली का घेत नाहीत?"

"घेतात की. गेल्या वर्षी अकरा जणांनी घेतली. पण घरमालक आधी अनामत मागतो. ती साठेपर्यंत माणसानं काय उभ्यानं झोपायचं?"

सभागृहात खसखस पिकली. तेवढ्यात मागच्या रांगेतून निरीक्षक उठला. मान खाली घालून म्हणाला, "मी चुकीच्या वेळी गेलो होतो. काल पहाटे पाचला पुन्हा गेलो. एकही खाट रिकामी नव्हती. माझा अहवाल मी मागे घेतो."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. पाचला ती मागच्या अंगणात चादरी धूत होती, हा कधी येऊन गेला तिला पत्ताच नव्हता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अनुदान पूर्ण मंजूर. मावशीनं त्याच सभेत केलेली, निवाऱ्यातल्या आजाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा नर्स पाठवण्याची मागणी मात्र नामंजूर.

मावशीनं पत्र दोनदा वाचलं आणि नगरपालिकेत फोन लावला. "आभारी आहे. आता सांगा, पुढची सभा कधी? नर्सबद्दल बोलायचंय."