अनुकूलदाचं चिंचपाणी

कोलकात्याच्या उत्तरेला, घोषालबागान गल्लीत, यंदा जुनं भुयारी गटार काढून नवे पाइप घालायचं काम निघालं. गोऱ्या साहेबाच्या वेळचं विटांचं गटार ते. वरून लॉऱ्या जाऊन जाऊन आतून पार खिळखिळं झालेलं. गल्ली उभी चिरली, दारादारांत बांबूच्या फळ्या पडल्या आणि जाडजूड बाबूलोकही तोल सावरत, शिव्या देत घरात शिरू लागले. या सगळ्या घाणीत धंदा बरा चालला तो एकट्या अनुकूल बेराचा. खोदणारी माणसं दुपारी त्याच्याकडून झालमुरी घेत; चुरमुरे, कांदा, मिरची आणि वरून मोहरीचं कच्चं तेल. गल्लीतलं माणूस मात्र त्याच्याकडून शेंगदाणासुद्धा घेत नसे.

एके काळी हीच गल्ली त्याच्यावर जीव टाकायची. तेव्हा तो फुचका विकायचा. आपली पाणीपुरीच म्हणा, पण त्याच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. मेदिनीपूरकडून आलेला हा किरकोळ माणूस, पण चिंचेच्या पाण्यात गंधराज लिंबू पिळायला लागला की वरच्या मजल्यावरच्या बायका जिना उतरायच्या.

"अनुकूलदा, आज चिंच फुकट मिळाली वाटतं? दात आंबले माझे," त्यांतली सुतपा म्हणायची.

"बौदी, तुमच्या जिभेपुढे माझी चिंच गोडच!" गल्लीतल्या सगळ्या वहिन्या त्याच्या बौदी.

सगळ्या खिदळायच्या. सुतपाची लेक झिनुक तिच्या पदराला धरून उभी असायची. शेवटचा फुकटचा फुचका सगळ्यांनाच मिळे, झिनुकला दोन मिळत.

मग एका पावसाळ्यात झिनुकला कावीळ झाली आणि पोर गेली. "त्या फुचक्यानं खाल्लं माझ्या लेकराला," सुतपा ऊर बडवून म्हणाली आणि गल्लीला तेवढं पुरलं. निकाल द्यायला आमच्या गल्लीला कधीच वेळ लागत नाही. पोरांनी टोपली उलथली, चिंचेच्या पाण्याचं मडकं फोडलं. अनुकूल हात जोडून नुसता उभा राहिला.

"अहो, आपणही तेच पाणी पितो की!" बायको शेफाली घरी येऊन कडाडली. "आपल्याला काय धाड भरली? तोंड उघडा ना जरा!"

"तिची पोर गेलीय. तिच्याशी भांडू?"

तो भांडला नाही, पण आतून पोखरला गेला. आपल्या हातून खरंच झालं असेल का, हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. पुन्हा त्यानं पाण्याचा धंदा केला नाही. शेफाली नळावर गेली की बायका आपल्या बादल्या बाजूला ओढून घेत. देवाकडे तिचं एकच मागणं होतं. आपल्या नवऱ्यानं कुणाला मारलं नाही, हे कुणीतरी चारचौघांत म्हणावं.

ते म्हटलं गेलं ते यंदा, भर दुपारी. सुतपाच्या दारासमोर खणताना गटाराच्या विटा ढासळल्या आणि मुकादम ओरडला. तिच्या दारातल्या नळाचा, म्हणजे अर्ध्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्याचा लोखंडी पाइप त्या मैल्यात लोळत होता. त्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. इंजिनियरबाई आल्या, वाकून बघितलं.

"ही गळती फार वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "नळ बंद झाला की ही घाण आत ओढली जाते. इथे कावीळ झाली होती का कुणाला?"

कुणी कुणाकडे बघेना. शेवटी गल्लीतले थोरले भौमिकबाबू खाकरले. "अनुकूल, तुझ्या माथी उगाच मारलं रे आम्ही."

शेफालीनं त्याचा दंड घट्ट धरला. "ऐकलंत ना? ऐकलंत ना हो?" ती रडत होती, हसत होती. कुणीतरी म्हणालं, "दादा, या दुर्गापूजेला फुचका लावायचाच!" अनुकूलला इतक्या वर्षांनी छातीभर श्वास घेता आला. खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं.

मग त्याला सुतपा दिसली. दारात उभी राहून ती त्या पाइपाकडे बघत होती.

"डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर द्या," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "उकळून द्या म्हणाले. कधी उकळलं, कधी राहिलं. ती नको नको म्हणायची. मी मांडीवर दाबून पाजलं. याच नळाचं." तिनं दाराची चौकट धरली. "मग मीच की..."

"बौदी, थांबा!" अनुकूल एवढ्या मोठ्यानं बोलला की सगळे वळले. "बाईंना काय ठाऊक इथलं? माझं पाणी या नळाचं नव्हतंच. त्या दिवशी मला उशीर झाला होता. रस्ते धुवायला गंगेचं कच्चं पाणी येतं ना, त्या नळाचं भरलं मी. चिंचेत कुणाला कळतंय? झिनुकला तर लाडानं जास्तच पाजलं. माझ्याच हातानं झालं ते."

शेफालीचा हात त्याच्या दंडावरून गळून पडला.

"आणि इतकी वर्षं तोंड शिवून बसलास, हरामखोरा?" भौमिकबाबू ओरडले.

सुतपा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याला शिव्या घातल्या, पहिल्यासारख्याच, घसा फाटेपर्यंत, आणि शेजारणीच्या गळ्यात पडून मोकळी रडली. अनुकूल मान खाली घालून ऐकत होता. शिव्या थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.

खोलीत आल्यावर शेफाली दाराशीच बसली.

"फुचक्याचं पाणी मी भरायची," ती म्हणाली. "रोज. तिच्याच दारातनं."

"माहीत आहे."

"तिला आईपण परत दिलंत तुम्ही. चांगलं केलंत. पण त्यासाठी आज माझ्या पदरात पडलेलं ते एक वाक्य काढून दिलंत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत."