चुकवलेला प्याला

लोणावळ्याच्या आमच्या चर्चमध्ये बुधवारी आपापले मोह उघड सांगून प्रार्थना मागायची रीत होती. रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा एक माणूस मागच्या बाकावर टोपी चुरगाळत बसायचा. एकदा उठून म्हणाला, "दारू सोडून लय दिस झालं, पर गुत्त्यावरनं जाताना पाय अडत्यात. माज्यासाटी प्रार्थना करा." आम्ही मोठ्याने आमेन म्हटलं.

रविवारी प्रभुभोजनाच्या विधीत सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेतात; पाळकांनी तो प्याला त्याला चुकवून शेजाऱ्याला दिला. पुढे केलेले त्याचे काळे हात तसेच राहिले.

बाहेर त्याने मला विचारलं, "भाऊ, मी प्यालो कुटं हुतो?"

तो पुन्हा आला नाही. आता बुधवारी सगळे खोकल्यासाठी, गुडघ्यांसाठी प्रार्थना मागतात. मोह कुणालाच होत नाही.