अक्काची दवाखान्यातली चिठ्ठी

माझ्या थोरल्या जावेचा, अक्काचा, मी एकदाच मनापासून हेवा केला, तोही एका चिठ्ठीसाठी. निजामाचं राज्य होतं. मानवतजवळच्या खेड्यात आमचं चौदा माणसांचं घर.

त्या वर्षी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, घरात एकामागून एकाला धरत गेला. सासरे उठले, दीर उठले, अक्काची मोठी पोर मात्र गेली. मग मानवतच्या सरकारी डॉक्टरांनी प्रत्येकाच्या शौचाची बाटली मागितली. सासूबाईंनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण बाटली दिली. बाटल्या तपासणीला हैदराबादला गेल्या आणि महिन्याभरानं एकट्या अक्काच्या नावाची उर्दू चिठ्ठी आली. माझ्या नवऱ्यानं ती ओसरीवर वाचली: बाई ठणठणीत आहे, पण तिच्या पोटात तापाचे जंतू राहतात, तिनं स्वयंपाकाला, पाण्याला हात लावायचा नाही.

झालं! साऱ्या घराच्या भाकरी माझ्या गळ्यात. मी धुरात डोळे पुसतेय आणि ही बाई आयतं जेवून, पान लावून, बायकांच्या घोळक्यात कापूस वेचायला मोकळी. वर दर दोन महिन्यांनी नवी बाटली द्यायला बैलगाडीतून मानवतची सफर. आजारी असती तर पाय चेपले असते, पण तब्येत माझ्या दुप्पट! मी जळत होते, सरळ सांगते. तिच्या वाटची भाकरी मुद्दाम करपवायचे.

असं वर्ष गेलं. एका बाजाराच्या दिवशी मीही गाडीत बसले आणि दवाखान्यातल्या कारकुनापुढे जाऊन उभी राहिले.

"मलाबी तसली चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी काय शिधा हाय व्हय, बाई?" तो हसला. मग त्यानं रजिस्टर उघडलं. "ह्ये बघा. तुमच्या जावेचा आजाराचा रकाना कोरा हाय. आजारच न्हाई तर लिवू काय? पण शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली न्हाई. तुमचे दोन्ही कोरे हायेत."

"तिच्या शेऱ्यात काय लिवलंय?"

त्यानं वाचून दाखवलं. तिच्या हातचं खाऊन कुणाकुणाला ताप आला, त्यांची नावं होती. सासरे, दीर. शेवटी तिची लेक, पुढे 'मयत'. हे माझ्या नवऱ्यानं ओसरीवर वाचलं नव्हतं. खाली अक्काचा अंगठा होता.

"त्यांनला सगळं वाचून दाखिवलं, मंगच अंगठा घेतला," कारकून म्हणाला.

घरी आले तर अक्काची धाकटी रडत होती. आईच्याच हातचा घास पाहिजे म्हणून ती रोज हटून बसायची. रोज सासूबाई भरवायच्या आणि मी मनात अक्काला आळशी म्हणायचे. अक्का भिंतीला टेकून, दोन्ही हात पदराखाली धरून बसली होती. सासूबाईंच्या हातातलं ताट मी घेतलं. पहिला घास पोरीनं थुंकला.

महिन्याभरात ती माझ्या हातचं खायला लागली. पुढं तर माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेईना. भरवताना अक्का लांब बसून माझ्या हाताकडे बघायची. ती नजर मला लगेच ओळखू आली. वर्षभर मी तिच्याकडे तशीच बघत होते.